पुण्याहून गुरुग्रामला बिऱ्हाड हलवताना

बदलीचे पत्र आले की बहुतेक घरांतून पहिला फोन पॅकर्सवाल्याला जातो. तो खरे तर तिसरा-चौथा फोन असायला हवा. सामान आठवड्याभरात पोचते. मुलाची शाळा, गाडीचे कागद आणि नव्या सोसायटीची परवानगी यांना मात्र महिना-दीड महिना लागतो. त्यातली निम्मी कामे पुण्यात असतानाच करावी लागतात, कारण एकदा दीड हजार किलोमीटर दूर गेले की एका सहीसाठी परत येणे परवडत नाही.

पुढचा क्रम दोन खोल्यांचे घर, एक-दोन लहान मुले आणि एखादी कार किंवा दुचाकी असलेल्या कुटुंबासाठी आहे. मुक्काम दिल्लीत किंवा नोएडात असला, तरी बराचसा तोच उपयोगी पडेल.

आठ आठवडे आधी: तारीख शाळेवरून ठरवा

सीबीएसईचे वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला चालू होते. महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळांचा निकाल १ मेच्या आसपास लागतो आणि नवे वर्ष जूनमध्ये उघडते. म्हणजे पुण्यातली परीक्षा आटोपण्याआधीच तिकडचे वर्ग भरलेले असतात. प्रवेशाची चौकशी डिसेंबर-जानेवारीतच करा. दाखला नंतर देतो असे सांगून चालू वर्षाचे प्रगतिपत्रक आणि जन्मदाखला यांवर तात्पुरता प्रवेश मागा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले कलम ५ इथे कामी येते. त्यानुसार मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तातडीने द्यायचा असतो. या कलमाच्या कक्षेतल्या शाळेला 'दाखला उशिरा आला' एवढ्या कारणावरून पहिली ते आठवीतला प्रवेश नाकारता येत नाही.

दाखला हातात आल्यावर जागेवरच वाचा. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. 'प्रथमेश' एका ठिकाणी 'प्रथम' झाला असेल, तर ती दुरुस्ती जुन्या शाळेतच होते. युडायस या सरकारी शालेय नोंदीतला मुलाचा कायम शिक्षण क्रमांकही (पेन) लिहून घ्या. परराज्यातल्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल का, हे नव्या शाळेला आधीच विचारा. काही शाळा ती मागतात, आणि ती फक्त इथेच मिळते.

पहिलीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, तर केंद्रीय विद्यालयात ही तारीख ३१ मार्च आहे आणि उत्तरेकडच्या इतर अनेक शाळाही तिच्या आसपासचीच तारीख धरतात. एप्रिल ते डिसेंबरमध्ये जन्मलेले, इथे पहिलीत बसणारे मूल तिकडे वरच्या केजीत बसवले जाऊ शकते. हे फी भरण्याआधी स्पष्ट करून घ्या.

मराठी माध्यमातल्या मुलाला लिपी ओळखीची असल्यामुळे हिंदी वाचता येते. अर्थ मात्र फसवतात. हिंदीतल्या 'शिक्षा'चा मुख्य अर्थ शिक्षण, हे सातवीतल्या मुलालाही मुद्दाम सांगावे लागते. निघण्याआधी महिनाभर रोज हिंदी गोष्टीचे एक पान मोठ्याने वाचून घेतले, तर पहिल्या चाचणीत फरक दिसतो.

तान्ह्या बाळाच्या लसीकरणाचे कार्ड याच आठवड्यात तपासा. सहा, दहा व चौदा आठवड्यांचे डोस, नऊ ते बारा महिन्यांतली गोवर-रुबेला आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला तिचा दुसरा डोस यांपैकी एखादा निघण्याच्या दिवसांत येत असेल, तर डॉक्टरांना विचारून तारीख जुळवा. रोटाव्हायरसचे डोस शक्यतो एकाच कंपनीचे पूर्ण करतात, म्हणून लशीचे नाव कार्डावर लिहून घ्या.

सहा आठवडे आधी: काय न्यायचे नाही

भाडे सामानाच्या आकारमानावर ठरते. त्यामुळे सोफा आणि कपाटे हीच खरी खर्चाची बाब. पार्टिकल बोर्डचे फर्निचर एकदा खोलून जोडले की स्क्रूची भोके सैल होतात आणि दुसऱ्या जोडणीत कपाट डुलायला लागते. ते इथेच विका. सागवानी पलंग, लोखंडी कपाट आणि चांगल्या गाद्या न्या. पाटा-वरवंटा न्यायचा असेल तर न्या, पण तो काचेच्या खोक्यात टाकू नका. असे खरेच घडते.

एसी नेण्याआधी विचार करा. पुण्यात जी खोली एक टनाच्या एसीने गार होते, तिला मे-जूनच्या ४५ अंशांत तो पुरत नाही. झाडे पॅकर्स सहसा घेत नाहीत. शेजाऱ्यांना देऊन टाका.

पाच आठवडे आधी: पॅकर्स निवडणे

फोनवर सांगितलेल्या भावाला काही अर्थ नाही. माणूस घरी येऊन माळा, बाल्कनी आणि पलंगाखालचे खण पाहून गेला पाहिजे, आणि त्याने वस्तूंची यादी करून लेखी भाव दिला पाहिजे. असे तीन भाव घ्या. एखादा बाकी दोघांच्या निम्म्यावर असेल, तर तो सोडा. ठरलेली लबाडी अशी असते: कमी भाव, सामान ट्रकमध्ये चढले की 'वजन जास्त निघाले', आणि दिल्लीजवळच्या गोदामातून 'पैसे पाठवा, मग माल सुटेल'.

हे टाळण्यासाठी चार गोष्टी लेखी घ्या. संपूर्ण ट्रक की इतरांच्या मालासोबत, हे पहिले. १४ फुटी आयशरमध्ये दोन खोल्यांचे घर साधारण मावते, आणि स्वतंत्र ट्रक चार ते सहा दिवसांत पोचतो. सामायिक कंटेनर स्वस्त पडतो, पण त्यात माल गोदामात उतरवून पुन्हा चढवला जातो. मोडतोड आणि खोकी हरवणे सर्वांत जास्त होते ते तिथे. लहान मूल असेल तर या एका बाबतीत काटकसर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरे, मजला, लिफ्ट नसणे आणि ट्रक दूर उभा राहणे यांची हमाली भावात धरली आहे का. तिसरे, जीएसटी धरून एकूण रक्कम. चौथे, पैसे कधी द्यायचे: दहा-वीस टक्के आगाऊ, बरेचसे सामान भरल्यावर आणि किमान दहा टक्के घरात खोकी मोजून झाल्यावर.

जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव जुळते का ते पाहा. भरणीच्या दिवशी बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, घेतल्याशिवाय ट्रक सोडू नका. बिल्टीवर ट्रकचा क्रमांक, खोक्यांची संख्या आणि जाहीर केलेली किंमत हवी. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटी परवाना) लागत नाही. त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

विम्याबाबत गैरसमज फार आहेत. पॅकर्सच्या स्वतःच्या छापील कागदावर 'ट्रान्झिट रिस्क' लिहून दोन-तीन टक्के घेतले, तर तो विमा नव्हे, ते फक्त त्यांचे आश्वासन आहे. विमा कंपनीचे, तुमच्या नावाचे आणि पॉलिसी क्रमांक असलेले प्रमाणपत्र मागा. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचे अनुक्रमांक आणि चालू अवस्थेतला व्हिडिओ जवळ ठेवा.

चार आठवडे आधी: गाडी

आधी गाडीचे वय पाहा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि त्यांचे नियम न्यायालयांत वारंवार बदलत गेले. अशी गाडी पुण्यातच विकणे शहाणपणाचे. बीएस-४ या जुन्या उत्सर्जन मानकाची डिझेल कार असेल, तरी हिवाळ्यात प्रदूषणावरच्या निर्बंधांचा (ग्रॅप) तिसरा टप्पा लागू झाला की दिल्ली आणि गुरुग्राममध्ये ती रस्त्यावर आणता येत नाही.

गाडी नेणार असाल, तर पुण्याच्या आरटीओकडून नमुना २८ मधले ना-हरकत प्रमाणपत्र काढा. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरतात. आरसी, विमा, पीयूसी, चासी क्रमांकाचा पेन्सिलने काढलेला ठसा आणि कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र लागते. थकलेली चलाने आधी भरा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. ठसा गाडीवरूनच घ्यायचा असल्याने गाडी कॅरिअरवर चढण्यापूर्वी हे काम उरकावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तिकडचा कर भरून नवी आरसी मिळाली की तिच्या आधारे महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. अनेकजण हा परतावा विसरतात आणि मोठी रक्कम सोडून देतात.

कॅरिअरवर गाडी देताना पेट्रोल पाव टाकीपेक्षा कमी ठेवा, आत सामान भरू नका, किलोमीटरच्या आकड्याचा आणि चारही बाजूंचा फोटो काढा. फास्टॅग फॉइलमध्ये झाका, कारण टोलनाक्यावरचा रीडर कॅरिअरवर चढवलेल्या गाडीचाही टॅग वाचू शकतो. दुचाकीची टाकी पूर्ण रिकामी करून आरसे काढून ठेवा.

दोन आठवडे आधी: गॅस आणि यंत्रे

भरलेला असो वा रिकामा, सिलिंडर ट्रकमध्ये जात नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर व अनामत परत घ्या. नव्या गावी त्या व्हाउचरवर जोडणी मिळते, मात्र अनामत चालू दराने भरावी लागते. गुरुग्रामच्या बऱ्याच सोसायट्यांत पाइप गॅस असतो. सिलिंडरवर चालणारी शेगडी त्यावर तशीच जोडू नये. पाइप गॅसचा दाब कमी असल्यामुळे बर्नरचे जेट मोठ्या भोकाचे लागते, आणि ते गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावे.

फ्रिज २४ तास आधी बंद करून पुसून कोरडा करा. पोचल्यावर उभा ठेवून चार ते सहा तासांनी चालू करा. प्रवासात आडवा झाला असेल तर पूर्ण दिवस थांबा, कारण कॉम्प्रेसरमधले तेल नळीत उतरलेले असते. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागच्या बाजूचे ट्रान्झिट बोल्ट लावल्याशिवाय हलवू नका. ड्रम आतल्या आत आपटून सस्पेन्शन तुटते, आणि बाहेरून ओरखडाही दिसत नाही. बोल्ट हरवले असतील तर कंपनीच्या सेवा केंद्रातून मागवा. पोचल्यावर ते काढायला विसरू नका, नाहीतर मशीन जमिनीवर नाचेल.

एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायला सांगा. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी नेहमी उभी ठेवायची आणि टर्मिनलवर चिकटपट्टी लावायची.

शेवटचे तीन दिवस: बांधाबांध

दोन खोल्यांच्या घराची चाळीस ते साठ खोकी होतात. पुस्तके लहान खोक्यात, १५ किलोच्या आत. ताटे आणि बशा आडव्या रचू नका, कडेवर उभ्या लावा. उभ्या ताटाला धक्का सोसतो, आडव्या चळतीत खालचे ताट फुटते. खोके हलवल्यावर आत काही वाजता कामा नये. टीव्ही मूळ खोक्यात किंवा लाकडी चौकटीत, कायम उभा. पलंगाचे नट-बोल्ट पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला चिकटवा. क्रमांक खोक्याच्या वर न लिहिता लागून असलेल्या दोन बाजूंवर लिहा, कारण वरची बाजू थरात दिसत नाही. यादीत 'क्रमांक, खोली, आत काय' एवढेच पुरे.

ट्रकमध्ये काय जाऊ नये, हे जास्त महत्त्वाचे: दागिने, सर्व मूळ कागद, चेकबुक, लॅपटॉप, देवघरातल्या मूर्ती, औषधे. लोणच्याची बरणी कितीही घट्ट बांधली तरी तेल पाझरते आणि कपड्यांचे खोके खराब होते.

दहा दिवसांची एक वेगळी बॅग भरा, कारण ट्रक रखडला तर घर रिकामे असते. त्यात मुलांचे कपडे, नेहमीची दुलई आणि एक आवडते खेळणे, थर्मामीटर, पॅरासिटामॉलचे औषध, ओआरएसची पाकिटे, इंडक्शन शेगडी, सपाट बुडाचा लहान कुकर, किलोभर तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन बल्ब, टेस्टर आणि कात्री असावी. रेल्वेने जाताना एसी थ्री-टायरमध्ये माणशी ४० किलो सामान मोफत नेता येते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, आणि रात्रभराच्या प्रवासात तो घ्यावाच.

पोचल्यावर

सोसायटीचा गेट पास, घरमालकाचे पत्र आणि सामान आणण्याच्या ठरावीक वेळा यांची तजवीज आधी केलेली असावी. नाहीतर ट्रक फाटकाबाहेर रात्र काढतो आणि त्याचे पैसे तुम्हीच देता. भाडेकरूची पोलीस पडताळणी घरमालकाकडून लगेच करून घ्या. वीज मीटर प्रीपेड असेल तर जनरेटरच्या युनिटचा वेगळा दर विचारा. दोन्हींत मोठा फरक असतो.

एकाने दारात उभे राहून यादीवर खुणा कराव्यात आणि दुसऱ्याने मुलांना शेजारी किंवा बागेत न्यावे. फुटलेले, भिजलेले, हरवलेले जे असेल ते बिल्टीच्या प्रतीवर लिहूनच सही करा, 'नंतर कळवा' ऐकू नका. वाहतूकदाराविरुद्ध दावा करायचा असेल तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जावी लागते.

मतदार नोंदणी नमुना ८ ने बदलते, मोबाइल क्रमांक तोच राहू शकतो, बँकेची शाखा बहुतेक ठिकाणी घरबसल्या बदलता येते. ही कामे महिनाभरात झाली तरी चालतील. रजया आणि मुलांच्या खोलीसाठी हेपा गाळणी असलेले हवा शुद्धीकरण यंत्र मात्र दसऱ्याच्या आधी घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा बिघडते आणि प्रदूषणाच्या वरच्या टप्प्यांत लहान वर्गांची शाळा घरून भरते. आई-वडील दोघेही नोकरी करत असतील, तर त्या दिवसांत मुलांजवळ कोण राहणार हे सप्टेंबरातच ठरवून ठेवावे लागते.