नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक कसे वाचावेत

हिब्रू बायबलचे तोरा (मोशेचे नियमशास्त्र), नवीईम (संदेष्टे) आणि केतुवीम (इतर लेख) असे तीन भाग आहेत. नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक हे ज्ञानग्रंथ तिसऱ्या भागात येतात. तोरातील आज्ञा वाचाव्यात तसे ते वाचू नयेत, कारण येथे बहुतेक वेळा अनुभवाने शहाणी झालेली माणसे बोलतात आणि त्यांचे आपसांत एकमत नाही.

सुरुवात नीतिसूत्रांपासून करावी. हा अनेक संग्रह एकत्र करून सिद्ध झालेला ग्रंथ असल्याने 10:1, 25:1, 30:1 (आधी अध्याय, मग वचन) येथील मथळ्यांवर आधी खुणा कराव्यात. 25:1 मध्ये तर पुढील वचने यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतल्याचे स्पष्ट सांगितले आहे. मग 26:4 आणि 26:5 एकापाठोपाठ वाचावे. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, असे पहिले वचन बजावते आणि लगेच दुसरे म्हणते, दे. दोन्ही वचने शेजारी ठेवण्यात संकलकांचा हेतू असावा, असे मला ठामपणे वाटते: कोणते वचन कधी लागू पडते, हे ओळखणे वाचकाकडेच सोपवले आहे.

ईयोब हा संकटात सापडलेला नीतिमान माणूस आणि त्याचे मित्र यांच्या संवादांचा ग्रंथ आहे; तो वाचताना प्रत्येक अध्यायात कोण बोलत आहे, हे समासात लिहून ठेवावे. अलीफज, बिल्दद आणि सोफर या मित्रांची भाषणे भक्तिपूर्ण व सुंदर आहेत, त्यामुळे त्यांतील ओळी सुटी वचने म्हणून सर्रास उद्धृत होतात. परंतु 42:7 मध्ये देव अलीफजला सांगतो की, तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्यासारखे यथार्थ बोलला नाहीत. हे एक वाक्य मनात धरून मित्रांची भाषणे पुन्हा वाचावीत.

उपदेशक त्यानंतर घ्यावा. त्याच्या पवित्रतेविषयी रब्बींमध्ये, म्हणजे यहुदी धर्मपंडितांमध्ये, मतभेद होते, अशी नोंद मिश्ना या त्यांच्या नियमसंग्रहात आहे. तरीही तो शास्त्रात राहिला आणि अनेक यहुदी समाजांत सुक्कोथ (मांडवांच्या) सणात वाचला जातो.

शेवटी बेन सिरा या लेखकाचा त्याच नावाचा ज्ञानग्रंथ वाचावा. इ.स.पू. 180 च्या सुमारास हिब्रूत लिहिलेला हा ग्रंथ यहुदी शास्त्रात नाही, मात्र तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरील रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, त्याची वचने येतात आणि कॅथलिक व ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये त्याचा समावेश आहे. त्याचा 24 वा अध्याय नीतिसूत्रांच्या 8 व्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावा: नीतिसूत्रांत सृष्टीच्या आरंभी देवाजवळ असलेले ज्ञान बेन सिराच्या ग्रंथात यरुशलेमेत वस्तीला येते, आणि बेन सिरा त्याला थेट मोशेची तोरा म्हणतो.