खुब्यामागची गाठ सोडवायला मोज्यातला बॉल

फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार, असला की कुल्ल्याच्या जाड स्नायूत कधी कधी गाठ धरते. सांगलीहून साताऱ्यापर्यंत एसटीत बसून आलं, की उतरताना पाय टाकवत नाही. दर वेळी मालिशवाल्याला गाठायची गरज नाही.

जुना टेनिस बॉल लांब मोज्यात घाला. लेदर बॉल नको, पोरं हमखास तोच आणून देतात.

१. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं शेका.

२. भिंतीला टेकून जरा तिरकं उभं राहा. बॉल कुल्ला आणि भिंतीच्या मध्ये, मोज्याचं तोंड हातात. बॉल निसटला तरी वाकावं लागत नाही, आणि खरी सोय हीच.

३. दुखरी जागा सापडली की तिथेच हळूच रेला. २०-३० सेकंद, श्वास न रोखता. मग जागा बदला.

दाब सोसवेल इतकाच. जोर केला तर दुसऱ्या दिवशी सगळं अंग ठणकतं, म्हणून जमिनीवर झोपून बॉलवर पूर्ण वजन टाकू नका. कण्यावर किंवा खुब्याच्या हाडावर बॉल नको. पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.