साफसफाई सबरूटीनमध्ये नेण्याआधी

पर्ल भाषेतल्या स्क्रिप्टमधली मजकुराची साफसफाई सबरूटीनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यांत, न्यायची असेल, तर स्क्रिप्टला हात लावण्याआधी इनपुटमधल्या २०-३० ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढा. त्यांत घाण मुद्दाम हवी: रिकामी ओळ, नुसत्या स्पेसची ओळ, विंडोजवरून आलेली ओळ. आत्ताचं आउटपुट जपून ठेवा. प्रत्येक बदलानंतर जुन्या-नव्या आउटपुटचा डिफ (फरकांची यादी) रिकामा आला पाहिजे. वाटेत जुनी चूक दिसली तरी लिहून ठेवा, आज दुरुस्त करू नका. नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार नाही.

सारखे दिसणारे दोन पॅटर्न एकच आहेत असं धरून चालू नका. एकाच्या शेवटी ‘जी’ असतो (सगळ्या जागा बदला असं सांगणारा फ्लॅग, म्हणजे शेवटी लावायचं अक्षर), दुसऱ्याच्या नसतो, आणि दुसरा फक्त पहिली जागा बदलतो.

साफसफाईचा क्रम कागदावर ठरवा: डीकोड (बाइट्सची अक्षरं करणं), बॉम (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण), ओळीचा शेवट, एचटीएमएलचे टॅग, एंटिटी (एखाद्या चिन्हाऐवजी लिहिलेली सांकेतिक खूण), सगळ्यांत शेवटी स्पेस. एंटिटी टॅगच्या आधी उलगडल्या, तर मजकुरातलं ‘पेक्षा लहान’ चिन्ह टॅगची सुरुवात ठरतं आणि पुढचे शब्द गिळले जातात. स्पेस शेवटी, कारण न तुटणारी स्पेस बऱ्याचदा एंटिटीतूनच बाहेर पडते. ओळीचा शेवट काढणाऱ्या पर्लच्या ‘चॉम्प’वर विसंबू नका; एरवी तो फक्त लाइनफीड काढतो, विंडोजच्या ओळीतला कॅरेज रिटर्न तसाच राहतो.

सबरूटीनच्या पहिल्याच ओळीत आर्ग्युमेंटची, म्हणजे बोलावताना दिलेल्या मजकुराची, प्रत ‘माय’ व्हेरिएबलमध्ये (त्या सबरूटीनपुरत्याच) घ्या. पर्लमध्ये आर्ग्युमेंट म्हणजे मूळ व्हेरिएबलचंच दुसरं नाव, त्यामुळे प्रतीशिवाय बदल केला की बोलावणाऱ्याचा डेटा गुपचूप बदलतो. दुसरा नेहमीचा फटका: सब्स्टिट्यूशन (पॅटर्न शोधून बदलणं) थेट रिटर्न केलं की मजकुराऐवजी बदलांची संख्या येते, सगळ्या कॉलममध्ये १ दिसायला लागतो. पर्ल ५.१४ पासून ‘आर’ फ्लॅग आहे, तो लावला की बदललेला मजकूर मिळतो.

देवनागरी मजकूर असेल तर ‘अदृश्य अक्षरं काढा’ हे सबरूटीन जपून लिहा. ‘दर्‍या’ हा शब्द र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारी अदृश्य खूण) असा टाइप केलेला असला, तर जॉइनर काढल्यावर ‘दर्या’ होतो. दऱ्यांचा समुद्र!

शेवटी प्रत्येक सबरूटीन त्याच मजकुरावर दोनदा चालवा. दुसऱ्यांदा काहीच बदलता कामा नये. एंटिटी उलगडणारं मात्र इथे नापास होऊ शकतं, कारण दोनदा एन्कोड झालेली खूण दर फेरीला एक पापुद्रा सोडते. म्हणून ते ओळ वाचल्यावर एकाच ठिकाणी बोलवा, बाकीच्या सबरूटीनमध्ये घुसवू नका.