जहाज दुसऱ्या नौदलाकडे जाण्याआधी: पंप-व्हॉल्व्हच्या कामाची तयारी

आयएनएस कृपाण 28 जून 2023 रोजी विशाखापट्टणमहून निघाली, 8 जुलैला व्हिएतनाममधल्या कॅम रान्हला पोचली आणि 22 जुलैला शस्त्रास्त्रांसकट व्हिएतनामच्या नौदलाकडे गेली. ही कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, आपल्या नौदलात 1991 साली आलेली. एवढ्या वयाच्या जहाजाची अर्धी माहिती तिथल्या माणसांच्या डोक्यात असते: कुठला व्हॉल्व्ह जड फिरतो, कुठला पंप हवा धरतो. जहाज गेलं की ती माणसं परत येतात. म्हणून नवी मुंबईत रबाळे-महापेतल्या वर्कशॉपकडे असल्या जहाजाचं काम आलं, तर फोन करून विचारायला पुढे कोणीच नाही असं धरून चालावं.

व्हॉल्व्ह खोलण्याआधी बॉडी आणि बॉनेटवर (वरच्या झाकणावर) एकच नंबर पंच करा. खडूची खूण डिझेलने धुताना जाते, मग शेजारच्या व्हॉल्व्हचं बॉनेट बसतं आणि गळती शोधत बसावं लागतं. चाचणीत बॉडीला कामाच्या दाबाच्या दीडपट आणि सीटला (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या जागेला) 1.1 पट दाब द्या. म्हणजे 10 बारच्या लाइनसाठी 15 आणि 11. आधी हवा पूर्ण काढा, आणि गेजच्या कॅलिब्रेशनची तारीखही बघून घ्या. सीट गळतेय म्हणून चाकाला पाइप घालून आवळायचं नाही. तसा व्हॉल्व्ह बेंचवर पास होतो, पण स्पिंडल वाकतो नाहीतर सीटवर वळ उमटतो. सीट पुन्हा लॅप करा, म्हणजे पेस्ट लावून घासून घ्या.

पंपाची खरी गंमत टेस्ट बेंचवर होते. नेमप्लेटवर 60 हर्ट्झ असेल आणि आपली वीज 50 हर्ट्झची, तर पंप पाच-षष्ठांश वेगाने फिरतो. पाणी साधारण 83 टक्के, हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, जेमतेम 69 टक्के. हे लक्षात न घेता चांगला इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) बदलायला काढला जातो. शिवाय 440 व्होल्टची 60 हर्ट्झची मोटर इथल्या 415 वर लावली की तापते. 50 हर्ट्झवर तिला 367 च्या आसपास व्होल्टेज पाहिजे. फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह भाड्याने आणणं परवडतं. मोटर 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासा आणि रीडिंगशेजारी तापमान लिहा.

रबर डोळ्यांनी ओळखू नका. ईपीडीएम आणि नायट्राइल दोन्ही काळेच. तेलाच्या लाइनवर ईपीडीएम गेलं तर फुगतं. प्रत्येक ओ-रिंग वेगळ्या पिशवीत, वर साहित्य आणि साइज.

सुटे भाग ऑर्डरप्रमाणेच द्यायचे, पण विचारलं तर आमचं मत: प्रत्येक पंपामागे दोन मेकॅनिकल सील, बेअरिंगची एक जोडी, वेअर रिंगचा एक संच, आणि बेअरिंग काढायचा पुलरही. पुलर हमखास विसरतात. कागदावर लांबलचक इंग्रजी परिच्छेदापेक्षा सुट्या भागांचं चित्र, भाग क्रमांक, मिलिमीटरमधली मापं आणि घट्ट करायचा टॉर्क जास्त कामाचा. आटे बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचे) असतील तर तसं स्पष्ट लिहा. कुठलं ग्रीस भरलंय तेही मोटरवरच्या टॅगवर हवं, कारण न जुळणारी ग्रीस मिसळली की पातळ होऊन वाहून जातात.

पावसाळ्यात रंग लावायचा असेल तर आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर असल्याशिवाय डबा उघडू नका. जुलैत ठाणे खाडीच्या हवेत ते क्वचितच जमतं. बंद शेड आणि डीह्युमिडिफायर लागतोच.

पॅकिंगला लोखंडासाठीचा व्हीसीआय (गंज रोखणारा) कागद गनमेटलवर, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूवर, गुंडाळू नका, डाग पडू शकतात, बहुधातूंसाठीचा मागवा. पेटीच्या कच्च्या लाकडाच्या गाभ्यात 56 अंश तापमान सलग 30 मिनिटं राहिलेलं असावं आणि त्यावर आयएसपीएम-15 चा, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का असावा. प्लायवूडला सूट असली तरी खालच्या फळ्यांना नाही. न्हावा-शेव्यावरून जाणारी पेटी तिकडच्या बंदरात याच फळ्यांपायी अडकते.

परवान्याचं काम पेट्या भरण्याच्या कितीतरी आधी सुरू करा. निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या स्कोमेट यादीच्या सहाव्या वर्गात, म्हणजे लष्करी वस्तूंमध्ये भाग मोडत असेल, तर परवानगी संरक्षण उत्पादन विभागाची लागते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि टॅग यांवर भाग क्रमांक अक्षर न् अक्षर सारखा असू द्या. एक डॅश इकडेतिकडे झाला तरी पेटी पुन्हा उघडली जाते, आणि मग आतली सिलिका जेल बदलून पिशवी नव्याने सील करावी लागते.