अपघातानंतर दुखणं उशिरा उठलं, तर

साताऱ्यात मी मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करते. खंबाटकी घाटापासून कराडच्या पुढपर्यंत महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो, त्यामुळे पंचनामे आणि डिस्चार्ज कार्डं रोज टेबलावर असतात. जागीच पाय मोडलेल्या माणसाचा दावा तसा सरळ चालतो. अडतो तो उठून उभा राहिलेल्याचा. कपडे झटकून, "काही लागलं नाही" म्हणून तो घरी जातो आणि चार दिवसांनी त्याला मान वळवता येत नाही. त्याचं दुखणं खरं असतं, पण ते त्याच अपघाताचं आहे हे एकाही कागदावर नसतं. या लेखातलं सगळं त्या एका कागदासाठी आहे.

पण आधी जीव. अपघातानंतर शरीर तापलेलं असतं, वेदना दबून राहते. मान आणि पाठ बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी आखडते. डोक्याला मार लागला असेल, तर वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त, यांतलं काहीही दिसलं की सकाळची वाट न बघता सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात जा. घरात वयस्कर माणूस असेल, त्यातून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पुढचे कित्येक आठवडे लक्ष ठेवा. मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त महिन्याभरानंतरही त्रास देतं. चाल बिघडते, विसरायला होतं आणि घरचे म्हणतात, "वय झालं आता." डाव्या बरगड्यांखाली हँडल लागलं असेल, तर प्लीहेला झालेली इजा काही दिवसांनीही फुटू शकते. पोटात किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, घाम ही तिची लक्षणं. गुडघ्याचं वेगळं. सूज उतरल्यावर जिना उतरताना तो सटकायला लागतो, आणि लिगामेंटची इजा साध्या एक्स-रेत दिसत नाही.

आता कागद. दुसऱ्यांदा डॉक्टरकडे जाल तेव्हा "मान दुखते" एवढंच सांगू नका. "अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, मोटारसायकलला टेम्पोची धडक बसली, तेव्हापासून" असं पूर्ण सांगा आणि ते केसपेपरवर लिहिलंय का, ते तिथंच वाचून बघा. जमल्यास पहिल्याच डॉक्टरकडे जा. दुसरीकडे जायचं तर जुना कागद बरोबर न्या.

हे इतकं घोळून का सांगते? माझा एक पक्षकार गावोगाव दूध गोळा करायचा. मागून पिकअपनं उडवलं. गावातल्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन, ड्रेसिंग, आणि घरी. उजवं मनगट दुखत राहिलं, मुरगळलं असेल म्हणून तेल चोळणं चाललं. अंगठ्याच्या बुडाशी एक लहानसं हाड असतं. त्याचा तडा पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. इथं तर पहिलाही काढलेला नव्हता. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा केसपेपर काढताना सोबतचा मेहुणा म्हणाला, "घसरून पडला." पोलिसांची कटकट नको, एवढाच त्याचा हेतू. पण कागदावर उमटलं, "घरी पाय घसरून पडल्याने." विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत त्या एका ओळीवरच सगळा भर दिला. आम्हाला तारलं गावातल्या डॉक्टरांच्या रजिस्टरनं. अपघाताच्याच तारखेला त्यांनी लिहून ठेवलं होतं, "दुचाकी अपघात, उजवं मनगट सुजलेलं." ते स्वतः साक्षीला आले.

म्हणून केसपेपर काढायला घरातल्या ज्याला घटना माहीत आहे त्यालाच पाठवा, आणि अपघाताचं अपघात म्हणूनच सांगा. दवाखान्यानं एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, केली तर घाबरू नका. पुढं तीच तुमची बाजू घेते.

पोलीस ठाण्यात अनेकदा त्याच दिवशी "माझी काही तक्रार नाही" असा जबाब लिहून घेतला जातो, समोरचा दोन-पाच हजार हातावर ठेवतो आणि प्रकरण मिटतं. निदान आठवडाभर तरी अशा कागदावर सही करू नका. गुन्हा आधीच दाखल असेल आणि दुखापत नंतर कळली, तर तपास अंमलदाराकडे नवे रिपोर्ट देऊन पुरवणी जबाब नोंदवायला सांगा. गुन्हाच दाखल नसेल, तर लेखी तक्रार द्या आणि उशीर का झाला हे त्यात प्रामाणिकपणे लिहा. आपल्या प्रतीवर पोहोच घ्या. फिर्यादीला उशीर झाला, एवढ्याच कारणावर जखमीच्या दाव्यावर शंका घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सांगितलंय. उशिराचं कारण मात्र पटण्याजोगं हवं.

मुदतीचं नीट ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा करायला, 1 एप्रिल 2022 पासून, सहा महिन्यांची मुदत आहे. ती अपघाताच्या तारखेपासून मोजतात, दुखणं कळलं त्या दिवसापासून नाही. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. उपचार संपायची वाटही बघू नका. दावा दाखल करा, पुढची बिलं आणि रिपोर्ट नंतर जोडता येतात. अपघात लोणावळ्यात झाला आणि तुम्ही साताऱ्यात राहत असाल, तर दावा साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही चालतो.

अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांवर लोक अडून बसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालाप्रमाणे बघायचं असतं ते कमाई किती घटली हे. दूधवाल्याचं उदाहरण ढोबळ आकड्यांत घ्या. वय 34, महिना 15,000 रुपये. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई जितक्या पटीनं धरतात तो आकडा, 16. मनगटाचं अपंगत्व 10 टक्के एवढंच धरलं, तर 2,88,000 रुपये होतात. पण तोच हात भरलेला कॅन उचलू शकत नाही म्हणून कमाईतली घट 20 टक्के मान्य झाली, तर 5,76,000. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेली मजुरी हे वेगळं. म्हणून हाताचं काम काय होतं याचा पुरावा लागतो: डेअरीच्या नोंदी, बँकेचं पासबुक, मालकाचं पत्र, काहीही.

मेडिकलची कच्ची बिलं चालत नाहीत, नाव आणि तारीख असलेलं पक्कं बिल मागा. फिजिओथेरपीच्या प्रत्येक खेपेची नोंद ठेवा. सूज, जखम, फुटलेलं हेल्मेट यांचे फोटो काढा आणि हेल्मेट भंगारात देऊ नका. थर्मल कागदावरच्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा.

लोकअदालतीत तडजोडीचा आकडा समोर येईल तेव्हा डॉक्टरांना एकच विचारा: आणखी शस्त्रक्रिया लागेल का? लागणार असेल, तर अंदाजे खर्चाचं पत्र त्यांच्याकडून घ्या आणि मगच बोलणीला बसा. तिथं झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा प्लेट बसवावी लागली तरी ते प्रकरण उघडत नाही.