आजीची वही कशी लिहावी

आजीबद्दल लिहायला बसलं की पहिल्या पानावर हमखास ‘प्रेमळ, कष्टाळू, सोशिक’ असं उतरतं. त्यात खोटं काही नाही, पण निधनवार्तेतल्या प्रत्येक आजीला हेच तीन शब्द लागतात. आमच्या वहीसाठी मी नियम केला: विशेषण खोडायचं आणि त्या जागी तिनं काय केलं ते लिहायचं. ‘सोशिक’ खोडलं, खाली लिहिलं: १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपात आजोबांची मनीऑर्डर बंद झाली, तेव्हा हिनं शेरडं विकली, दुसऱ्याच्या बांधावर भांगलायला गेली, पण एकाही पोराची शाळा सुटू दिली नाही.

सन विचारत बसू नका. आधार कार्डावरची १ जानेवारी बहुतेक वेळा कुणीतरी अंदाजानं टाकलेली असते. त्यापेक्षा ‘तेव्हा कडेवर कोण होतं?’ असं विचारा. आम्ही पाटण तालुक्यातले, त्यामुळे आमचं सगळं कोयनेच्या भूकंपाला येऊन टेकतं. ‘भूकंपात थोरला रांगत होता,’ असं आजी म्हणायची. भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, म्हणजे थोरले काका त्याच वर्षातले. तिथून मागं लग्न, पुढं आत्यांचे जन्म, असं जुळवत जाता येतं. पुण्यात हेच काम पानशेतचा पूर करतो (१२ जुलै १९६१), मराठवाड्यात रझाकार आणि किल्लारी. बहात्तरचा दुष्काळ तर महाराष्ट्रात बहुतेक सगळीकडं चालतो. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण गेलं, सुकडी कुणी खाल्ली, मिलो ज्वारीची लाल भाकरी कुणाच्या घशाखाली उतरेना, हे विचारलं की बाया थांबत नाहीत.

मग माळ्यावरची भांडी खाली काढा. जुन्या पितळी भांड्यांवर टिंबटिंबांनी नाव, गाव आणि पुष्कळदा तारीखही कोरलेली असते. चिंचेनं घासून घ्या, उन्हात तिरकं धरा. तरी लागलं नाही तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरं उमटतात. आमच्या एका हंड्यावर आजीचं माहेरचं नाव निघालं. घरात तिला त्या नावानं कुणी कधी हाक मारलेली नव्हती.

माहेरचा कागदी पुरावा हवा असेल तर सातबाऱ्यात अडकू नका, फेरफार मागा, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली त्याची नोंद. तिचे वडील १९५६ नंतर वारले असतील तर वारसनोंदीत मुलींचीही नावं सापडण्याची शक्यता असते. त्यामागोमाग पुष्कळदा हक्कसोडपत्र येतं, भावांच्या नावे. भाऊबीजेच्या एका लुगड्यावर जमीन सोडलेल्या बायका अशा फेरफारात भेटतात. ही नोंद वहीत जरूर उतरवा, मामांना आवडो न आवडो.

स्वयंपाकाचं लिहिताना ‘अंदाजानं’ हा शब्द चालवून घेऊ नका. आजी कांदा-लसूण मसाल्याच्या मिरच्या काट्यावर तोलायची, पण धणे चिपट्यानं, म्हणजे धान्य मोजायच्या जुन्या मापानं, घ्यायची. तिचं चिपटं घरात होतं, म्हणून भरून वजन करता आलं. मूठ मात्र गेली. आईची मूठ लहान आहे, त्यामुळे कालवणात मीठ किती यावर आमच्याकडं अजून वाद चालतो.

आजी हयात असेल तर मोबाइल समोर धरून ‘ओव्या म्हण’ म्हणू नका, एक ओळ आठवणार नाही. जातं असेल तर खुंटा हातात द्या, नसेल तर तांदूळ निवडायला द्या, आणि मोबाइल बाजूला ठेवून रेकॉर्डिंग लावा. ती नसेल तर तिच्या बहिणीकडं जा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. त्यातल्या थोड्या आधी बहिणीला ऐकवा. ‘आमच्यात असं नाय म्हणत’ म्हणून ती स्वतःच सुरू करेल.

माणसं गाठायला दहाव्या-तेराव्याचे दिवस सगळ्यांत बरे. एरवी न येणारी माहेरची मंडळी तेव्हा घरात असतात. जावांना मात्र वेगवेगळं बसवा, एकत्र बसल्या की सगळं गोडगोड होतं. ‘कशी होती?’ विचारू नका, ‘कशावर चिडायची?’ विचारा. आमची आजी उष्टं टाकलेलं पाहून चिडायची, आणि आजोबा सुट्टीवर आले की त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेला कुणी हात लावला तर त्याहून जास्त. का, ते शेवटी तिच्या धाकट्या जावेनंच सांगितलं: आजोबांच्या खानावळीची उधारी आधी त्या ट्रंकेतल्या पैशांतून वेगळी काढायची, उरेल त्यात घर चालवायचं, हा हिशेब आजीनं एकटीनं सांभाळला होता.

झालं की झेरॉक्स काढा. एकेक प्रत आत्यांनाही द्या, त्यांना सहसा कुणी विचारत नाही. मागं कोरी पानं ठेवा. आमच्या थोरल्या आत्यानं लाल पेननं ‘हे असं नव्हतं’ म्हणून समासात इतकं लिहून पाठवलंय की आता दुसरी वही घ्यावी लागणार.