लोंब्या झुकल्या, आता बांधाचं तोंड फोडा

राजहंसगडाच्या पायथ्याला येळ्ळूर, पुढं धामणे, वडगाव, शहापूरचं शिवार. काळी कसदार जमीन. खरिपात बासमती, इंद्रायणी. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. बेळगावच्या बाजारात इथल्या मसुरीला मान आहे. पण हीच जमीन पाणी धरली की सोडत नाही, आणि दरवर्षी इथंच आपण फसतो.

लावणीला आपण डोळ्यात तेल घालून पाणी अडवतो. दाणा भरल्यावर मात्र बांधाचं तोंड फोडायला कुणी जात नाही. ‘राहू दे की, पाणी आहे तर दाणा भरतोय.’ मग दसऱ्या-दिवाळीच्या मधे दुपारी पूर्वेकडून ढग चढतात, तासभर कोसळतात, आणि कमरेएवढं बासमती सकाळी आडवं. खाली पाणी असलं तर चौथ्या दिवशी लोंबी उचलून बघा, दाण्याला पांढरा मोड आलेला असतो. ते भात व्यापारी हातात पण घेत नाही.

शिवारातला बळ्ळारी नाला गाळानं आणि जलपर्णीनं तुंबतो, हे खरं. त्याची तक्रार करायचीच. पण आपल्या बांधाचं तोंड आणि शेजाऱ्याच्या हद्दीवरची चर काही नाल्यानं बुजवलेली नाही. आठवड्याभरात दोघांनी मिळून एक दिवस खोरं घ्या. शेताचा सगळ्यात खोलगट कोपरा शोधा, तिथून हातभर रुंद, वीतभर खोल चर काढा. हद्दीचा वाद असेल तर तो सुगी झाल्यावर भांडा.

पाणी कधी सोडायचं? शिफारस कापणीआधी 8-10 दिवसांची. आमच्या काळ्या रानात मी 15 दिवस धरतो. लोंबीचं शेंड्याकडचं टोक पिवळं आणि बुडाचे दाणे अजून हिरवे दिसले की तोंड फोडायचं. वांझ दाणे वाढतील ही भीती उगाच आहे, जमिनीत ओल भरपूर असते.

पाणी साचलेल्या, युरिया जास्त पडलेल्या दाट भातात तपकिरी तुडतुडे, म्हणजे बुडाशी रस शोषणारी कीड, आधी येतात. वरून पान हिरवंगार, म्हणून कळत नाही. चुडाच्या (एका जागच्या रोपांच्या झुबक्याच्या) बुडाशी वाकून बघा, हातानं झटका द्या. चुडाला 5-10 तुडतुडे पाण्यावर पडले तर पहिलं काम पाणी काढणं, मग बुप्रोफेझिन 25 टक्के हे कीटकनाशक, 10 लिटरला 16 मिली, नोझल बुडाकडं धरून. दुकानदार ‘एका फवाऱ्यात सगळं’ म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइडचं, म्हणजे सरसकट किडे मारणाऱ्या औषधाचं, मिश्रण देतो, वर टॉनिकची बाटली ‘फ्री’. त्यानं तुडतुडे खाणारे कोळी मरतात आणि तुडतुडे दुप्पट होऊन परत येतात. बिल तेवढं आपलं. खात्री नसेल तर चूड उपटून कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात दाखवा.

बाकीची कामं:
- मानमोडी करपा (लोंबीची मान मोडणारा बुरशीचा रोग): ज्या रानात लोंब्या अजून बाहेर पडतायत तिथंच, ट्रायसायक्लाझोल 75 टक्के हे बुरशीनाशक, 10 लिटरला 6 ग्रॅम. दाणा पिकत आल्यावर नाही.
- युरिया: आता बंद.
- बियाण्यासाठी भात: वेगळ्या जातीचं दिसणारं रोप आत्ताच उपटा.
- कापलेलं भात बांधावर पसरा, खोलगट सरीत नको. कापल्यापासून 14 दिवसांत अवकाळीनं भिजलं आणि विमा असेल तर 72 तासांत कळवा.
- मसूर: किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी), नंतर 10 किलोला रायझोबियम या जिवाणू खताचं 250 ग्रॅमचं पाकीट चोळा, सावलीत सुकवून पेरा.

मसुरीचं गणित पण त्याच चरीवर आहे. पाणी उशिरा निघालं की कापणी लांबते, पेरणी लांबते, आणि फुलोऱ्याच्या वेळी जमीन भेगाळलेली असते. घाईनं चिखलात पेरली तर रोपं मुळाशी कुजून मरतात. गेल्या सुगीत शेजारी-शेजारी दोन पट्ट्या होत्या. एकाची चर उघडी, त्याची मसूर गुडघ्याला लागली. दुसऱ्याच्यात मधे थाळीएवढे पिवळे चट्टे, बरोबर जिथं पाणी थांबलं होतं तिथंच.

कापणीच्या यंत्राला आगाऊ पैसे द्यायच्या आधी शेताच्या मधोमध जाऊन टाच दाबून रोवा. खळग्यात पाणी चढलं तर यंत्र आणू नका. ते रुततं, काढायला ट्रॅक्टर लागतो, भाडं तासावर चालूच राहतं, आणि चाकांच्या घळीत पुढचं पाणी साचायला जागा तयार होते. टाचेचा ठसा कोरडा राहिला तरच फोन करा.